समाजसेविकेला पगार हवाच!

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला दोन विषय हमखास निघतात. एक सोन्याचा भाव आणि दुसरा, कुणाची मुलगी काय शिकतेय. यंदा आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी सांगितलं, "धाकटीनं एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतलाय." दोन क्षण शांतता. मग एकीनं विचारलं, "म्हणजे नेमकं काय हो?" "समाजकार्य." "अगंबाई, त्यालाही कॉलेज लागतं?" आणि तिसरीनं वाण पिशवीत ठेवता ठेवता निकालच देऊन टाकला, "चांगलंय की! लग्न ठरेपर्यंत तेवढाच विरंगुळा."

मैत्रिणींनो, मला त्या बायकांचा राग आला नाही. त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे 'समाजसेवक' हा शब्द कुठं दिसतो बघा. चौकातल्या फ्लेक्सवर! डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, खाली शुभेच्छुकांचे पन्नास फोटो आणि नावाआधी 'थोर समाजसेवक'. वाढदिवसाला वह्या वाटल्या की झाला समाजसेवक. इंग्लंडमध्ये म्हणे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवून घेणं हा गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडे तो कायदा आला तर रातोरात निम्मे चौक मोकळे होतील!

चेष्टा सोडा. पण या घोटाळ्याचा तोटा कुणाला होतो, तर जी पोरगी खरोखर हे शास्त्र शिकून येते तिला. तिनं पगाराचं नाव काढलं की लोक म्हणतात, "समाजसेवा करायची आणि वर पैसे मागायचे?"

मी स्वतः साधी बीए. मराठी विषय घेऊन झालेली. मुलं शाळेत जायला लागल्यावर महिला मंडळात गेले आणि गेली काही वर्षं इथल्या पोलिस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर आहे. हे सगळं बिनपगारी. मला ते परवडतं, कारण माझ्या घरचा किराणा, वीजबिल, मुलांच्या फिया दुसरं कुणीतरी भरतं. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे. फुकटची सेवा ही पोटभर जेवलेल्यांनाच जमते. म्हणजे समाजकार्याला पगार नसेल तर ते काम फक्त माझ्यासारख्या, नवऱ्याच्या पगारावर निवांत असलेल्या बायकांच्या हातात राहणार. आणि ज्या मुलीनं ऊसतोडीचा फड, दारूडा बाप, रेशनची रांग स्वतः बघितली आहे, जिला यातलं आतून कळतं, ती मात्र पोटासाठी मॉलमध्ये बिलं फाडणार. हे मला पटत नाही.

समाजसेवा आणि समाजकार्य यांत फरक आहे, आणि तो आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच ओळखला गेला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. नागपाड्याच्या गरीब वस्तीत काम करणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. तीच पुढं टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस' झाली. मेधाताई पाटकर तिथल्याच. पुढं मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाचं आणि तिरपुडे महाविद्यालय, नगरला सीएसआरडी, कोल्हापूरला सायबर अशी ठिकाणं झाली. टिसचं ग्रामीण आवार तर आपल्या तुळजापूरला आहे. देवीच्या दर्शनाला आपण वर्षातून दोनदा जातो, पण तिथं हे शिक्षण मिळतं हे कितीजणींना माहीत आहे? बारावीनंतर बीएसडब्ल्यू, कुठल्याही शाखेची पदवी असेल तर पुढं दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, असा साधारण रस्ता. बीकॉम झालेली, बीएस्सी झालेली मुलगीही जाऊ शकते.

या अभ्यासक्रमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे क्षेत्रकार्य, मुली ज्याला 'फिल्डवर्क' म्हणतात ते. आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्गात नाही, तर वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात, शाळेत जायचं. संध्याकाळी आल्यावर काय पाहिलं, काय बोलले, काय चुकलं हे लिहून काढायचं आणि सरांना-मॅडमना दाखवायचं. दर आठवड्याला, दोन-दोन वर्षं. आपण घरात सुनेला वळण लावतो म्हणतो ना, तसं हे ऐकण्याचं वळण आहे! समोरची बाई रडायला लागली की आपण चटकन म्हणतो, "रडू नको गं, होईल सगळं नीट." या मुलींना शिकवलेलं असतं की तिला आधी रडू द्या, मग विचारा, आणि विचारलेलं तारखेनिशी लिहून ठेवा.

त्या लिहिण्याची किंमत मी पोलिस ठाण्यात पाहिली आहे. नवऱ्याच्या मारानं बेजार झालेली बाई येते तेव्हा समितीतल्या थोरल्या बायका मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "सांभाळून घे बाई, लेकरांकडं बघ." माया खरी असते, पण बाई रिकाम्या हातानं घरी जाते. प्रशिक्षित समुपदेशक वेगळं करते. मार कधीपासून, किती वेळा, दवाखान्याचा कागद आहे का, दागिने कुणाकडे, आज रात्री झोपणार कुठं? एकेक प्रश्न शांतपणे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा (तो लागू झाला ऑक्टोबर २००६ पासून) सांगतो की अशा बाईसाठी संरक्षण अधिकाऱ्यानं घरगुती घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांपुढं ठेवायचा. तो अहवाल नीट भरला तर बाईला घरात राहण्याचा आदेश मिळतो, पोटगी मिळते. अर्धवट भरला तर तारखांवर तारखा. एका कागदावर एका बाईचं छप्पर अवलंबून असतं हो!

पोलिस ठाण्यात शिकलेली समाजकार्यकर्ती बसवायची ही कल्पनाही आपल्याच राज्यातली. १९८४ मध्ये टिसनं मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, तोच पुढं जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला आणि विवाह समुपदेशक हे पद आलं. घटस्फोटासाठी आलेल्या जोडप्याशी आधी ते बोलतात. मूल कुणाकडं राहावं यावर त्यांचं म्हणणं न्यायाधीश विचारात घेतात. २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर निघाली, १८१ ही हेल्पलाइन आली. या प्रत्येक ठिकाणी माणूस लागतो, आणि तो माणूस आभाळातून पडत नाही.

आता दवाखान्याचं सांगते. इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण याचा अनुभव मोठा आहे.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. खासगी दवाखान्यानं सांगितलेला आकडा ऐकून मावशी मटकन खाली बसल्या. आम्ही त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथं केसपेपरच्या रांगेच्या पुढं एक छोटी खोली, दारावर पाटी 'समाजसेवा अधीक्षक'. मला वाटलं, दानशूर लोकांकडून पावत्या फाडायची खोली असेल. आत पस्तिशीची एक बाई. तिनं रेशनकार्ड पाहिलं, आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही हे दोन मिनिटांत हेरलं, काय दुरुस्ती करायची ते लिहून दिलं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडं स्वतः उठून घेऊन गेली. इथवर कुणीही हुशार माणूस करेल. पण मग तिनं मावशींना विचारलं, "तुम्ही इथं पंधरा दिवस राहणार, घरी मुलं कुणाकडं?" मावशी गप्प. घरी बारा वर्षांची मुलगी आणि दोन लहान भाऊ एकटेच होते. ती शाळा बुडवून स्वयंपाक करत होती. या बाईनं आमच्या भागातल्या अंगणवाडीताईंचा नंबर शोधला, शाळेत फोन केला, मावशींच्या बहिणीला बोलावून घेतलं. आम्ही इतक्याजणी होतो, पण आमच्या डोक्यात ऑपरेशन आणि पैसे याखेरीज काही नव्हतं. डॉक्टर हृदय बघत होते, आम्ही बिल बघत होतो, ती बाई घर बघत होती.

आपल्या देशात हे काम नवं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ साली झाली. आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही पदं आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना. तिथंही कागद तपासायला समाजसेवक असतो. एड्स नियंत्रणाच्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत समुपदेशक असतात. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात तर माणसांचा दुष्काळच आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार सरकारी मनोरुग्णालयं राज्यात आहेत, शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. मात्र मनोविकार समाजकार्यासाठी नुसतं एमएसडब्ल्यू पुरत नाही, त्याचं पुढचं खास शिक्षण घ्यावं लागतं. बंगळूरचं निम्हान्स त्यासाठी नावाजलेलं. ज्या मुलीला अभ्यासाची आवड आहे आणि घरचे आणखी काही वर्षं थांबायला तयार आहेत, तिनं हा रस्ता जरूर धरावा. माझ्या मते पुढच्या काळात सगळ्यात जास्त गरज इथंच लागणार आहे. आपल्या गावात झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या बायका किती आहेत ते औषधाच्या दुकानदाराला विचारा.

मुलांसाठीच्या कामात वाटा बऱ्याच आहेत. १०९८ हा नंबर सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो १९९६ मध्ये टिसच्या एका प्रकल्पातून मुंबईत सुरू झाला हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ आवश्यक केलं. मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली एक तरी बाई असलीच पाहिजे. ते मात्र अनुभवी लोकांसाठी, ताज्या पदवीधरांसाठी नव्हे. ताज्या मुलींना जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ती अशी पदं असतात. परिविक्षा अधिकारीही याच क्षेत्रातला. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या सरळसेवा भरतीत समाजकार्याची पदवी चालते, आणि ती नोकरी कायमची. जाहिरात आली की डोळ्यांत तेल घालून बघा.

खेड्यांकडं ओढा असेल तर 'उमेद' आहे, १९७५ पासूनचं आपलं 'माविम' आहे, पाणलोटाची, शेतकऱ्यांची कामं करणाऱ्या संस्था आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, तेव्हापासून कंपन्यांनाही एमएसडब्ल्यू झालेली माणसं लागतात. आणि कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी हा तर जुनाच मार्ग. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५०० कामगार असले की तो नेमावा लागे, नव्या कामगार संहितेत तो आकडा २५० वर आला आहे. बरेच मुलगे एमएसडब्ल्यू करून सरळ एचआरला जातात. मुलींनी का जाऊ नये? "समाजकार्य शिकून कंपनीत गेली" म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात. त्यांना विचारा, महिला कामगारांसाठी पाळणाघर मागायला कुणी आतलं नको का?

इतकं वाचून कुणाला वाटेल की ताई नोकऱ्यांची परडीच घेऊन आल्या. तसं नाही. दुसरी बाजू कडू आहे.

वर सांगितलेल्या पदांपैकी पुष्कळशी कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा ऑर्डर. आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाला काय मिळेल याची खात्री नाही. दुसऱ्या बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगणाऱ्या मुलीला स्वतःच्या बाळंतपणाच्या रजेसाठी हातापाया पडावं लागतं, यासारखी थट्टा नाही. आमच्याकडच्या एका केंद्रातली समुपदेशक मुलगी चार महिने पगाराविना काम करत होती. अनुदान आलं नाही, एवढंच उत्तर. बसचं भाडं वडिलांकडून घेऊन ती रोज वेळेवर यायची. तिच्यापुढं रोज बायका येऊन सांगायच्या, "मॅडम, हातात पैसा नाही म्हणून नवऱ्याकडं परत जावं लागतं." ती मला एकदा म्हणाली, "काकू, मी काय बोलणार त्यांना? माझ्या तरी हातात कुठाय?"

काही संस्थाही कमी नाहीत. पावतीवर एक आकडा, हातात दुसरा. वर 'आपण सगळे एका ध्येयासाठी एकत्र आलोय' हे भाषण. ध्येयानं गॅस सिलिंडर येत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे की नेमणुकीचं पत्र मागा, पगार खात्यात जमा होणार का विचारा, भविष्यनिर्वाह निधी कापतात का विचारा, गावोगावी फिरायचं तर प्रवासखर्च कोण देणार ते विचारा. लैंगिक छळाची तक्रार घ्यायला अंतर्गत समिती आहे का, हेसुद्धा. विचारताना संकोच वाटू देऊ नका. ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, तिथं न गेलेलंच बरं.

डॉक्टरांना, वकिलांना, नर्सना आपापली परिषद आहे. समाजकार्याच्या पदवीधरांसाठी देशभरात तशी कायदेशीर परिषद आजवर झालेली नाही. २०२१ च्या कायद्यानं आरोग्यक्षेत्रातल्या, म्हणजे वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांना निदान एका राष्ट्रीय आयोगाच्या यादीत आणलं. बाकीच्यांचं काय? परिषद नाही म्हणून किमान पात्रता नाही, आणि म्हणून समुपदेशकाच्या खुर्चीत कधी कुणाचा पुतण्या बसतो, कधी कुणाची भाची.

घरच्यांची अडचणही मी समजू शकते. मुलगी स्कूटीवरून वाड्या-वस्त्यांवर जाणार, संध्याकाळ होणार, भांडणाऱ्या नवऱ्यांना तोंड देणार. आईचा जीव खालीवर होणारच. पण नर्सची रात्रपाळी आपण आता स्वीकारली, पोलिसातली मुलगी स्वीकारली. सुरुवातीला त्यांनाही नावं ठेवणारे होतेच. स्थळं बघताना "आमची मुलगी समाजसेवा करते" असं म्हणू नका. "ती वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक आहे," "ती बाल संरक्षण कक्षात आहे" असं पदाचं नाव घेऊन सांगा, आणि पगारही सांगा. नाहीतर सासरी गेल्यावर पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "ते फुकटचं काम सोड आता." असं सोडलेल्या तीन मुली मला माहीत आहेत. तिघींनी पुढं शिवणक्लास लावला. शिवण वाईट नाही, पण एवढ्या वर्षांचं शिक्षण कपाटात घडी घालून ठेवलंय त्याचं काय?

माझ्या वयाच्या मैत्रिणींकडूनही एक प्रश्न येतो: "आपल्याला जमेल का गं आता?" पदवी असेल तर जमेल. इग्नूमधून समाजकार्याची पदवी, पदव्युत्तर पदवी घरी राहून करता येते, क्षेत्रकार्य मात्र तिथंही चुकत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की सरकारी भरतीत वयाची अट आडवी येते. संस्थांमध्ये, शाळांमध्ये, दवाखान्यांत अनुभवी बाईला मान असतो. संगणकावर मराठी टाइप करायला आधी शिका, कारण या कामात निम्मा वेळ अहवालात जातो. आणि कायद्याची पुस्तकं मराठीतून वाचायची सवय लावा, दुपारच्या मालिकेएवढा वेळ पुरतो.

त्या चार महिने बिनपगारी राहिलेल्या मुलीसाठी आम्ही महिला मंडळातर्फे निवेदन तयार केलं. दोनशे चौदा सह्या झाल्या. त्यांत सगळ्यात आधी अंगठा उमटवला तो धुण्याभांड्याच्या मावशींनी. जिल्ह्याच्या कार्यालयात ते दिलं, पोच मिळाली, आणि दोन महिन्यांचा पगार त्या आठवड्यात जमा झाला. उरलेल्या दोन महिन्यांसाठी पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं ठरलंय. सकाळी सव्वानऊची एसटी आहे, येणाऱ्यांनी स्टँडवर थांबावं.